खात्रीकाकांची दहा मिनिटं

विमानतळ म्हणायला लाज वाटावी अशी ती एक धावपट्टी होती. कामाला सहा माणसं, आणि त्यांतल्या पाचांनी कसलीही खात्री करून घेणं केव्हाच सोडून दिलं होतं. कारण सहावे खात्रीकाका होते.

हे नाव त्यांना कोणी दिलं ते कुणाला आठवत नाही. पण कुणी म्हणालं, काका, दार लावून आलोय, तर काका म्हणायचे, खात्री केली? आणि तो माणूस परत जाऊन दार ढकलून बघायचा. दार लावलेलंच असायचं. पण काकांच्या चेहऱ्यावर असे भाव असायचे, की या वेळी लावलेलं निघालं म्हणून काय झालं.

काकांचं सगळं आयुष्य पाणी शोधण्यात गेलं. तरुणपणी ते दूध संकलन केंद्रावर होते. कॅनमध्ये काचेची नळी सोडायची, ती किती बुडते ते बघायचं आणि मग दूध घेऊन आलेल्या माणसाकडे मान वर करून बघायचं. यातलं तिसरं काम त्यांना सगळ्यात जास्त आवडायचं. अशाच एका सकाळी एका गृहस्थांच्या दुधात त्यांना पाणी सापडलं. गृहस्थांबरोबर त्यांची मुलगी आली होती. तिनं चार लोकांत काकांना असं काही सुनावलं की पुढच्या वर्षी काकांनी तिच्याशीच लग्न केलं. या लग्नाला आता छत्तीस वर्षं झाली. काकूंचं म्हणणं आजही तेच आहे: कॅन विसळल्यावर उपडा घालायचा राहिला होता, एवढंच. काकांचं म्हणणं, एवढ्यानं नळी तेवढी बुडत नाही. घरात पाहुणे आले की हा खटला अजूनही नव्यानं उभा राहतो.

केंद्र बंद पडलं तेव्हा काका धावपट्टीवर आले. तिथे दोन विमानं होती. एक शेतांवर औषध फवारायचं, त्यात एकटा वैमानिक बसतो. दुसरं चार आसनांचं, मालकाच्या पाहुण्यांना वरून शेतं दाखवायला. काकांचं काम, जमिनीखालच्या टाकीतून या विमानांत पेट्रोल भरणं. विमानाचं पेट्रोल निळसर असतं. त्यात पाणी गेलं तर ते तळाशी जाऊन गुपचूप बसतं आणि विमान वर गेल्यावर नेमकं इंजिनाच्या घशात अडकतं. म्हणून भरून झाल्यावर दहा मिनिटं थांबायचं, पाणी असलंच तर त्याला खाली बसू द्यायचं. मग पंखाखालचा बारका नळ दाबून काचेच्या बरणीत थोडं पेट्रोल काढायचं आणि उजेडाला धरून बघायचं. तळाशी थेंब दिसला नाही, की बरणीवर चिठ्ठी डकवायची. तारीख, वेळ, सही. विमान सुखरूप परत येईपर्यंत बरणी फळीवर.

दूध सुटलं, पण पाणी शोधणं काही सुटलं नाही. काका खूश होते.

ती दहा मिनिटं काका विमानापाशी असे उभे राहायचे, जणू त्यांची पाठ वळली की पाणी चालत येऊन टाकीत शिरणार आहे. नियमाप्रमाणे वैमानिकानंही नळ दाबून बघायचं असतं, आणि इंजिन बघणाऱ्या मिस्त्रीनंही. पण काकांनी बघितलंय म्हटल्यावर पुन्हा बघणं म्हणजे वेळ घालवणं, असं सगळ्यांचं झालं होतं. काका सगळ्या जगावर संशय घेत आणि जग काकांवर डोळे मिटून विश्वास ठेवी.

त्या जगात काकांचा जावईही होता. तोच तिथला वैमानिक.

काकांची मुलगी चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करते. धावपट्टीवर नवीन आलेला हा वैमानिक आपल्या उन्हाच्या चष्म्याचा एक स्क्रू बसवून घ्यायला तिच्याकडे तीनदा गेला. चौथ्यांदा गेला तेव्हा स्क्रू शाबूत होता. काकांना ही बातमी मिस्त्रीकडून कळली, आणि तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. मुलगा दिसायला चांगला, बोलायला गोड, हसतो खूप. या तिन्ही गोष्टी काकांच्या हिशेबी त्याच्या विरोधातच जात होत्या. शिवाय त्याच्या तोंडाला सदानकदा पेपरमिंटचा वास. ज्याला तोंडाचा एक वास लपवायचा असतो तोच दुसरा वास लावून फिरतो, असा काकांचा सिद्धांत. मिस्त्री म्हणाला, काका, मग दाताचा डॉक्टर रोज पिऊनच येत असेल. काका म्हणाले, त्याचीही एकदा खात्री करायला हवी.

लग्न झालं. पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत काकांनी जावयाच्या घरी एक कप चहासुद्धा सरळ मनानं प्यायला नसेल. हात धुवायला म्हणून जायचे आणि कपाटातल्या बाटल्यांची बुचं उघडून वास घ्यायचे. जावई उठला कसा, बसला कसा, जिना उतरताना कठडा धरला का, सगळं डोळ्यांत तेल घालून बघायचे. ऑफिसच्या खणात फुंकून बघायचं यंत्र होतं. उड्डाणाआधी वैमानिकानं त्यात फुंकायचं. त्याची बॅटरी दोन वर्षांपूर्वी गेली होती. फुंकल्याची सही मात्र रोज होत होती. काकांनी मालकाला तीनदा सांगितलं. मालक म्हणाले, तुम्हाला जावई आवडत नाही हे समजू शकतो काका, पण त्यात माझ्या यंत्राला का ओढता?

शेवटी एका रविवारी मुलीनं त्यांना रंगेहाथ पकडलं. काका न्हाणीघरात उभे होते आणि जावयाच्या दाढीनंतर लावायच्या बाटलीला नाक लावलेलं होतं. मुलगी ओरडली नाही. आईवर गेली असती तर ओरडली असती. ती बापावर गेली होती. तिनं बाटली काढून घेतली, बूच लावलं, जागेवर ठेवली.

"बाबा, तुमच्या हातात पुरावा असेल तर आणून माझ्यासमोर ठेवा. मी ऐकेन. पण पुराव्याशिवाय या विषयावर तोंड उघडायचं नाही. उघडलंत, तर पुन्हा या घरी येऊ नका."

जावई बाहेर बसून हसत होता. त्याला वाटलं गंमत चाललीय. काका गुपचूप चप्पल घालून निघाले. एकुलती एक मुलगी. त्या दिवसापासून काकांना एकच गोष्ट हवी होती: पुरावा. तो मिळाला असता तर मुलीच्या नजरेतून उतरलेलं आपलं वजन परत चढलं असतं, असं त्यांना वाटत होतं. बाकी कशाचं काय होईल हा विचार त्यांनी केला नाही. पाणी सापडल्यावर दुधाचं काय करायचं हा विचार त्यांनी केंद्रावरही कधी केला नव्हता.

अपघाताच्या दिवशी मालकानं बियाण्यांच्या चार व्यापाऱ्यांना जेवायला बोलावलं होतं. धावपट्टीच्या कडेला पत्र्याची शेड आहे, तिथे टेबलं मांडली होती. व्यापारी उघडउघड पीत होते. जावई त्यांच्यात बसला होता, पुढ्यात स्टीलचा ग्लास. लिंबू सरबत, असं मालकानंच सगळ्यांना दोनदा सांगितलं. एकदा सांगितलं असतं तर काकांनी कदाचित सोडून दिलं असतं.

जेवणं आटोपत आली आणि एक व्यापारी म्हणाला, मला वरून शेतं बघायचीत. मालकानं लांबून हात केला. काकांनी चार आसनी विमानात पेट्रोल भरलं, नळी गुंडाळली, घड्याळ बघितलं. एक वाजून अठ्ठावीस. आता दहा मिनिटं उभं राहायचं.

तेवढ्यात तिकडे जावई उठला. उठताना त्यानं खुर्चीच्या पाठीला हात लावला. ग्लास टेबलावर ठेवला, व्यापाऱ्याच्या खांद्यावर हात टाकला आणि विमानाकडे यायला निघाला. बाकीचे लोक बघायला कुंपणाकडे गेले. शेड रिकामी. टेबलावर पाच ग्लास.

काकांनी मनातल्या मनात माप घेतलं. शेड शंभर पावलांवर. जायला दीड मिनिट, यायला दीड मिनिट, मध्ये अर्धं मिनिट वासाला. साडेतीन मिनिटांत परत येऊन बरणी भरता येईल. त्यांनी विमानाकडे पाठ केली. नोकरीच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा.

अडचण अशी झाली की पाचही ग्लास सारखेच. जावयाचा नेमका कुठला, हे लांबून दिसलं होतं तेवढं जवळून दिसेना. काका एकेक ग्लास हुंगत गेले. पहिला व्यापाऱ्याचा, दुसराही. तिसऱ्यात पाणी होतं. काकांनी खात्री म्हणून त्याचाही दोनदा वास घेतला. चौथ्याच्या काठावर पेपरमिंट होतं. आत लिंबू. आणि लिंबाच्या खाली, अगदी तळाला, ते होतं, ज्याची काका पाच वर्षं वाट बघत होते.

इंजिन सुरू झाल्याचा आवाज त्यांनी ऐकला. विमान सरकत शेडसमोरून गेलं. काचेतून जावयानं त्यांच्याकडे बघितलं, हसला, एक हात वर केला. काकांचं नाक अजून ग्लासातच होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, ग्लास त्यात नीट गुंडाळला, पिशवीत ठेवला, पिशवीला गाठ मारली.

धावपट्टीच्या टोकाला खांबावर कापडी पिशवी असते, वारा कुठून आहे ते सांगणारी. विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडाकडे धावतं, म्हणजे लवकर उचलतं. त्या दिवशी वाऱ्याच्या तोंडाकडे धावायचं तर उड्डाण शेडपासून लांब झालं असतं. पाहुण्यांना नीट दिसलं नसतं. म्हणून जावयानं विमान उलट टोकाला वळवलं आणि वारा पाठीशी घेतला. मिस्त्री कुंपणापाशी दोन्ही हात हलवत काहीतरी ओरडत होता. विमान नेहमीपेक्षा दुप्पट धावलं, कसंबसं उठलं, पाहुण्यांना दिसावं म्हणून शेडवरून वळलं, आणि वळता वळता एका पंखावर कलंडून पलीकडच्या कोबीच्या शेतात जाऊन बसलं. आवाज अगदीच साधा झाला, पत्र्याचं पिंप पडल्यासारखा.

काका धावले. म्हातारा माणूस असं धावू शकतो हे त्या दिवशी सगळ्यांनी बघितलं. व्यापाऱ्याला त्यांनी आणि मिस्त्रीनं मिळून बाहेर काढलं. त्याचा पाय मोडला होता आणि दोन बरगड्या. जावयाचं उजव्या खांद्याचं हाड गेलं होतं, डावं मनगटही. तो शुद्धीवर होता. पेपरमिंटचा वास येत नव्हता, पेट्रोलचा येत होता, सगळीकडेच.

जीव कुणाचा गेला नाही. इस्पितळाची गाडी दोघांना घेऊन गेली आणि मालक वळून म्हणाले, काका, बरणी आहे ना?

"आहे," काकांचं तोंड म्हणालं.

फळीवर एकच बरणी होती, सकाळी फवारणीच्या विमानात भरलेल्या पेट्रोलची, ते विमान परतलं तरी रिकामी करायची राहिलेली. काकांनी तिची चिठ्ठी ओली करून काढली, नवी चिठ्ठी लावली, वेळ एक वाजून अडतीस, सही केली. सही नेहमीसारखीच ठसठशीत आली. हे त्यांना नंतर फार खटकलं.

मग ज्यानं त्यानं आपापलं अंग झाडायला सुरुवात केली. मालक आणि व्यापारी एका सुरात म्हणाले, वैमानिकापुढे सरबत होतं. पाय मोडलेल्या व्यापाऱ्याला काही आठवत नव्हतं, जेवणात काय होतं तेवढं मात्र आठवत होतं. इस्पितळ मालकाच्या ओळखीचं. रक्त तपासायला घेतलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि जावयानं पडल्यापडल्या जबाब दिला, इंजिन अडखळलं. पेट्रोलात पाणी असेल, नाहीतर इंजिनात दोष असेल.

चौकशीला एक अधिकारी बाई आल्या. त्यांनी बरणी ताब्यात घेतली, जमिनीखालच्या टाकीतला नमुना घेतला आणि झाकणाला लाखेचं सील लावलं. नमुना तपासणीला जाईल, पुढच्या बुधवारी सगळ्यांचे जबाब होतील, म्हणाल्या. बरणीतलं पेट्रोल तर स्वच्छच होतं. म्हणजे उरलं इंजिन, आणि इंजिन म्हणजे मिस्त्री. मिस्त्री रोज काकांच्या शेजारी खुर्ची टाकून चहा घ्यायचा. आता तो खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवू लागला.

काका मात्र मनातून शांत होते. पिशवी घरी कपाटात होती. दोन दिवसांनी मुलीला बोलवावं, पिशवी तिच्यासमोर ठेवावी, असं ठरवून त्यांनी कपाट उघडलं, तर पिशवी रिकामी. ग्लास स्वयंपाकघराच्या मांडणीवर होता, सहा ग्लासांच्या ओळीत सातवा, लखलखीत घासलेला. काकू म्हणाल्या, घाणेरड्या रुमालात ग्लास कोण ठेवतं? वास मारत होता, धुतला. काकांनी विचारलं, कसला वास? काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यावरून छत्तीस वर्षांत काकांना जे कळलं नव्हतं ते त्या दिवशीही कळलं नाही. जावयासाठी धुतला, मुलीसाठी धुतला, की खरंच वास मारत होता म्हणून धुतला? काकूंनी ताकास तूर लागू दिली नाही.

काका इस्पितळात गेले. मुलगी औषधं आणायला खाली गेली आणि खोलीत सासरा-जावई दोघंच उरले.

"मामा, बरणी भरलीत का?"

"भरली."

"कधी?"

काकांनी पलंगावरची चादर सरळ केली.

"मी बघितलं तुम्हाला. तुमचं नाक माझ्या ग्लासात होतं."

"म्हणजे ग्लास तुमचाच."

जावई हसला आणि हसण्यानं खांदा दुखला म्हणून कण्हला. मग हळू आवाजात त्यानं समजावलं. तुम्ही माझा ग्लास विसरा, मी तुमची बरणी विसरतो. तुमची नोकरी राहील, माझा परवाना राहील. दोष इंजिनाचा. इंजिनाला काही बायकापोरं नाहीत.

"मिस्त्रीला आहेत," काका म्हणाले.

"बघा विचार करून. बुधवारपर्यंत वेळ आहे."

काकांनी विचार केला. म्हणजे संशय घेतला, त्यांना विचार करायची दुसरी पद्धत ठाऊक नव्हती. आधी जावयावर घेतला: आपण ग्लासाचं बोललो नाही तरी हा बरणीचं बोलेल. मग काकूंवर. मग मिस्त्रीवर: भिंतीकडे तोंड करून बसतो म्हणजे खरंच इंजिनात काही राहिलं होतं की काय? तिसऱ्या दिवशी ते टाकीच्या झाकणापाशी उकिडवे बसले होते, लाखेच्या सीलकडे बघत. मागच्या आठवड्यात त्यांनी झाकणाचं रबर बदललं होतं. नीट आवळलं होतं का? आवळलं असणार. खात्री केली होती? आठवेना. रात्रीचं दव आत उतरलं असेल तर? ती दहा मिनिटं थांबून बरणी भरली असती तर थेंब दिसला असता, तर? मग जावई खरं बोलत होता आणि विमान आपण पाडलं. ज्यांच्यावर संशय घ्यायचा ते सगळे संपले होते आणि आता रांगेत काका एकटेच उभे होते. त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा समजलं की नळी बुडाल्यावर मान वर करून बघणारा माणूस समोरच्याला कसा दिसतो.

बुधवारी जबाब ऑफिसातच झाले. ऑफिसचा अर्धा भाग प्लायवूडनं वेगळा केलेला, आणि ते प्लायवूड छतापर्यंत पोचत नव्हतं. आतलं सगळं बाहेरच्या बाकावर ऐकू यायचं. बाकावर जावई बसला होता, दोन्ही हात प्लॅस्टरमध्ये, आणि त्याला आधाराला मुलगी. काका त्यांच्यासमोरून आत गेले. मुलीनं मान वर केली नाही.

बाईंनी बरणी टेबलावर ठेवली आणि विचारलं, ही सही तुमची? काका म्हणाले, सही माझी आहे, पेट्रोल त्या वेळचं नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. सकाळची बरणी, ओली करून काढलेली चिठ्ठी, पाच ग्लास, चौथ्यातला वास. रबराचंही सांगितलं, आठवत नाही हेही सांगितलं. ग्लास कुठे आहे या प्रश्नावर त्यांनी खरं ते उत्तर दिलं, आणि बाईंनीही ते तसंच लिहून घेतलं: पत्नीने घासला.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"वास आला, त्यानंतर विमान सुटायला किती वेळ होता?"

"दोन मिनिटं. अडीच असतील."

"धावत आडवे गेला असतात तर?"

"पोचलो असतो."

"मग का गेला नाहीत?"

हा प्रश्न येईल असं काकांना वाटलं नव्हतं. ते बरणीचं उत्तर तयार करून आले होते, रबराचं, ग्लासाचं. हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. ते प्लायवूडच्या वरच्या फटीकडे बघत राहिले. पलीकडे बाक करकरला.

"मला त्याला थांबवायचं नव्हतं, मॅडम," काका म्हणाले. "मला त्याला पकडायचं होतं."

बाईंनी ते लिहिलं का नाही ते काकांनी बघितलं नाही. सही केली, बाहेर आले. जावई उठून उभा राहिला होता, त्याची पाळी. दोघं दारात एकमेकांसमोर आले आणि आधी कोणी सरकावं ते दोघांनाही कळेना. शेवटी काका भिंतीला टेकले आणि जावई आत गेला.

बाकावर मुलीशेजारी एक जागा रिकामी झाली होती. काका तिच्यापासून दोन हात अंतर ठेवून बसले. आतून बाईंचा आवाज आला, किती घेतली होती? मग जावयाचा आवाज आला, "दोन." आणि मग, "नाही, तीन." वारा पाठीशी का घेतला, या प्रश्नाला तो म्हणाला, पाहुण्यांना जवळून दिसावं म्हणून. इंजिन? इंजिन चांगलं चालू होतं, तो म्हणाला. ते मी उगाच म्हणालो.

मुलगी समोर बघत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली."

काकांना आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला आनंद झाला असता, बाबा."

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर काकांनी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती दमून म्हणाली होती. त्या घरात दोन वर्षं तिला एक माणूस हवा होता, ज्याच्यासमोर हे बोलता येईल. आणि जो एक माणूस तिचं लगेच खरं मानणार होता, तोच काही कामाचा नव्हता.

तपासणीचा कागद चार दिवसांनी आला. टाकीत पाण्याचा थेंबही नव्हता. रबर नीट आवळलेलं होतं. जावयाचा परवाना गेला. काकांनी खोट्या चिठ्ठीवर सही केली होती, म्हणून त्यांना घरी बसवण्यात आलं. मालकाला नवीन यंत्र घ्यायला लावलं, बॅटरीसकट. मिस्त्रीनं खुर्ची पुन्हा सरळ केली, पण शेजारी आता काका नव्हते. नवीन पेट्रोलवाल्याला तो म्हणतो म्हणे, बरणी मलाही दाखवत जा.

काका घरी बसले. ग्लास किती आहेत, मोजायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पाचव्या दिवशी मुलीचा फोन आला. तिनं बापाची चौकशी केली नाही, स्वतःचंही काही सांगितलं नाही. म्हणाली, मला दुकानात साडेआठला पोचावं लागतं. ह्यांचे दोन्ही हात बांधलेले. आंघोळ घालायला एकटीला जमत नाही, आणि तुम्हाला आता सकाळी काम नाही. आठला या.

काका पावणेआठला दारात उभे. तिनं दार उघडलं, घड्याळ बघितलं, काही न बोलता टॉवेल हातात दिला आणि डबा घेऊन निघून गेली.

न्हाणीघरात जावई स्टुलावर बसला होता, प्लॅस्टरवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून, दोन्ही हात पुढे धरून, शरण आल्यासारखा. दाढी वाढली होती. काका आत आले तसा त्यानं डोळा कपाटाकडे नेला आणि म्हणाला, रिकामं आहे मामा, बघून घ्या. काकांनी कपाटाकडे बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण उघडलं नाही. बादली भरली, साबण शोधला, शर्टाच्या बाह्या वर केल्या. एका माणसानं दुसऱ्या मोठ्या माणसाला आंघोळ घालायची तर सुरुवात कुठून करतात हे दोघांनाही माहीत नव्हतं. डोक्यापासून करू, काका म्हणाले. जावई म्हणाला, करा.

काकांनी तांब्या भरला.

"गरम नाही ना फार?" जावयानं विचारलं.

"नाही. मी हात घालून बघितलंय."

जावयानं तांब्याकडे बघितलं. मग त्यानं उजवा पाय उचलला, अंगठा बादलीत बुडवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मान पुढे केली.

"हं. घाला."